मानसशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

महोदय,

बारावीचा निकाल लागला की पुण्यात मानसशास्त्राच्या बीएची चौकशी सुरू होते. मुलांची ओढ खरी असते आणि विषयही मोलाचा आहे. चूक होते ती घरच्या हिशेबात. पदवीसाठी काढलेलं कर्ज सायकॉलॉजिस्टच्या कमाईतून फिटेल असं पालक धरून चालतात, पण नुसत्या पदवीवर कुणी सायकॉलॉजिस्ट होत नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या आहे. भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) मान्यता असलेली पात्रता, किंवा पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, असे तिचे निकष आहेत. यातलं एमफिल विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमावलीत बंद केलं आणि क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत दिली. म्हणून बीएला प्रवेश घेतानाच पुनर्वास परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची आणि संस्थांची ताजी यादी पाहावी. ताईने पाच वर्षांपूर्वी धरलेला रस्ता आज तसाच असेल असं समजू नये. ‘पदवीनंतर नोकरी धरू आणि एमए बाहेरून करू’ हा बेतही आता चालत नाही. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश आयोगाने थांबवले आहेत. एमए करायचं तर दोन वर्षं नियमित वर्गात बसावं लागेल, आणि तेवढा काळ पूर्ण पगार हाती येणार नाही.

आता कर्जाचं गणित मांडू. खासगी विद्यापीठाची फी, कॉट बेसिसवरची जागा आणि मेस धरून दरवर्षी २ लाख रुपये कर्जातून गेले, व्याज १०.५ टक्के, तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढे एक वर्ष हप्त्याला सवलत, असं समजा. सवलत हप्त्याला असते, व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचे ८४,०००, दुसऱ्यांवर ६३,००० आणि तिसऱ्यांवर ४२,०००, म्हणजे सरळव्याजानेच १,८९,००० रुपये. ६ लाखांचं कर्ज फेड सुरू होण्याआधीच ७,८९,००० झालेलं असतं. दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता येतो सुमारे १०,६५० रुपये आणि एकूण फेड जाते पावणेतेरा लाखांच्या पुढे. मुदत पंधरा वर्षं केली तर हप्ता ८,७२० च्या आसपास उतरतो, पण फेड १५ लाख ७० हजारांवर जाते.

नुसत्या बीएवर मिळणारी कामं म्हणजे एचआरमधली सुरुवातीची जागा, शाळेत विशेष गरजा असलेल्या एका मुलासोबत राहणारा शॅडो टीचर, एखाद्या संस्थेत प्रकल्प सहायक. अशा नोकरीत हातात २०,००० पडले तर अर्ध्याहून जास्त रक्कम हप्त्यात जाईल, आणि मग एमए राहूनच जातं. खरं नुकसान हे आहे. ज्या पायरीवर कमाई वाढते तिथे पोहोचण्याआधीच पाय अडकतो.

आमचा सल्ला स्पष्ट आहे. बीए अनुदानित तुकडीत करावं. तिथली फी काही हजारांत असते. एकाच महाविद्यालयात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात, म्हणून चौकशीच्या खिडकीवर ‘ही जागा कोणत्या तुकडीतली?’ असं विचारून उत्तर फीच्या पावतीशी ताडून घ्यावं. कर्जाची ताकद पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावी. तीन वर्षांत संख्याशास्त्र, एक्सेल आणि इंग्रजीत नेमका अहवाल लिहिणं एवढं पक्कं केलं तर एचआर आणि सर्वेक्षणाच्या कामात नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

तरीही कर्ज घ्यायचंच असेल तर शिकतानाच दरमहा व्याज भरावं. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,७५०, दुसऱ्या वर्षी ३,५०० आणि नंतर ५,२५० रुपये पडतात. असं केलं तर दहा वर्षांचा हप्ता ८,१०० च्या जवळ राहतो आणि एकूण सुमारे १ लाख १७ हजार वाचतात. एमएला प्रवेश घेऊन गप्प बसायचं आणि हप्ता सुरू झाल्यावर बँकेकडे धावायचं, हे टाळावं. पहिला हप्ता येण्याआधी प्रवेशाचा पुरावा जोडून सवलतीची मुदत वाढवण्याचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ‘व्याजावर आयकरात वजावट मिळते’ हे ऐकून फार हुरळू नये. ती जुन्या करप्रणालीतच आणि जास्तीत जास्त आठ वर्षं मिळते, आणि मुळात करच बसत नसेल तर तिचा उपयोग शून्य.

शेवटी मंजुरीपत्रावर सह-कर्जदार म्हणून वडिलांची किंवा आईची सही होते, तिथे थांबून वय मोजावं. प्रवेशाच्या वेळी वडील ५२ वर्षांचे असतील, तर दहा वर्षांच्या मुदतीचा शेवटचा हप्ता त्यांच्या ६६ व्या वर्षी येतो आणि पंधरा वर्षांचा ७१ व्या वर्षी. मुलीला दोन महिने पगार नसला तर बँकेचा फोन त्यांनाच जाणार आहे. ही बेरीज सहीच्या आधी घरात सगळ्यांसमोर कागदावर करावी, मुलीलाही सोबत बसवून.

– शैक्षणिक समुपदेशन करणारे काही वाचक, कोथरूड, पुणे