ठोके वाढले म्हणजे भीती मोजली?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीतली भयपटांची क्रमवारी वाचली. २०२० साली ब्रिटनमध्ये इंटरनेट सेवांचे दर ताडून देणाऱ्या एका कंपनीने ५० जणांना भयपट दाखवून त्यांचे ठोके मोजले. एरवी मिनिटाला सरासरी ६५ असणारे ठोके 'सिनिस्टर' बघताना सरासरी ८६ वर गेले, म्हणून तो पहिला. 'इन्सिडियस'मधल्या एका प्रसंगी ते १३३ पर्यंत उसळले, तरी तो मागे.

मिरजेत नोकरीभर मी ईसीजी काढत आले, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. छातीला थंड जेली लागली की पडद्यावर काहीही नसताना पेशंटचे ठोके वाढतात. जिना चढून आला, चहा पिऊन आला, रिसेप्शनवर भांडून आला, तरी वाढतात. बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके आवरून धरणारी गोळी चालू असलेला माणूस मात्र घाबरला तरी आकडा फारसा हलत नाही. आणि खूप घाबरल्यावर उलटंही होतं. सुई किंवा रक्त दिसताच मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस नस नाडी एकदम मंद करते. अशी धट्टीकट्टी पोरं मी स्वतः सावरून पलंगावर झोपवली आहेत. त्यांचा आकडा यादीत धरला तर रक्ताने माखलेला चित्रपट सौम्य ठरेल!

हृदयाला दोन लगाम असतात, एक पळवणारा, एक आवरणारा. तळहाताच्या घामग्रंथींवर फक्त पहिल्याचाच ताबा. घाम आला की त्वचेतून वीज जास्त सहज वाहते, म्हणून प्रयोगशाळेत ठोक्यांच्या जोडीला त्वचेची विद्युतवाहकताही बघतात.

१३३ हा आकडा मला दचकण्याचा वाटतो. शांततेत एकदम मोठा आवाज झाला की कुणाचंही काळीज उडतं. राळेचा भपका उडवून आरोळ्या ठोकत येणारा राक्षस सांगलीला नवा नाही; १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केलं, आणि तसल्या राक्षसांच्या आरोळीवरूनच त्या नाटकांना 'अललडुर्र' नाव पडलं. पण चित्रपट बघून दोन दिवसांनी माडीवरचा दिवा घालवायला हात धजत नाही, ती भीती कुठे मोजली? तेव्हा छातीला ठोके मोजणारा पट्टा नसतो.

सगळ्यात काळजीची गोष्ट पुढेच आहे. भाच्याच्या कॉलेजातली मुलं अशा याद्या वाचून मनगटी घड्याळं लावून बसतात आणि कुणाचा आकडा वर जातो यावर पैजा लावतात. काही जणांच्या हृदयातल्या विजेच्या प्रवाहात जन्मतः 'लाँग क्यूटी' हा दोष असतो. त्याच्या एका प्रकारात गजरासारख्या अचानक आवाजानेही ठोक्यांची लय जिवावर बेतेल इतकी बिघडू शकते, आणि पुष्कळांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नसतं. घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलं असेल, किंवा मुलाला विनाकारण भोवळ येत असेल, तर पैज बाजूला ठेवून आधी ईसीजी काढून घ्यावा.

पुढच्या वेळी क्रमवारी छापताना बघणारे किती वयाचे होते, एकटे होते की घोळक्यात, औषधं घेत होते का, एवढं जरूर छापा. शेजारी वरची सूचनाही चौकटीत टाका. हवी असल्यास ती नीट लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ, मिरज (जि. सांगली)