नागोबाची तहान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नागपंचमी तोंडावर आली की गारुडी टोपली घेऊन गावोगाव फिरतात आणि ‘नागोबा दूध प्यायला’ म्हणून लोक हात जोडतात. तो पितो ते तहानेने. कित्येक दिवस पाण्याचा थेंब न मिळालेला नाग समोर येईल त्या ओल्यात तोंड घालतो. दूध त्याला पचत नाही. शिवाय सापाच्या श्वासनळीचं तोंड जबड्याच्या तळाशी, जिभेच्या लगेच मागे असतं. मान दाबून पाजलेलं दूध तिथून फुफ्फुसात उतरतं. त्यातच चिमट्याने दात उपटलेले, हिरड्या पिकलेल्या. पुढे तो मरतो तेव्हा टोपली दुसऱ्याच गावात असते.

परंपरेचं म्हणाल, तर आपल्या पवनीत १९६९-७० च्या उत्खननात सापडलेल्या स्तूपाच्या खांबावर मुचलिंद नाग कोरलेला आहे. पावसात बुद्धावर फणा धरणारा तो राखणदार; टोपलीतला याचक नव्हे. तेलंगणातल्या केस्लापूरला पौष अमावास्येला गोंड समाजातली मेश्राम मंडळी नागोबाच्या मूर्तीला अभिषेक करतात, त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. इटलीतल्या कोकुल्लो गावी १ मेच्या सुमारास संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत साप चढवतात. पण ते बिनविषारी असतात आणि सण झाला की जिथून धरले तिथेच सोडतात. सापाला त्रास तिथेही होतच असेल, पण दात तरी शाबूत राहतात.

वारुळात दूध ओतण्याचंही तेच. वारूळ बांधते उधई. नाग तिथला भाडेकरू, उंदीर-बेडकांवर जगणारा. दूध आत नासतं, मुंग्या लागतात. लाह्या-फुलं बाहेरच ठेवावीत, बिळात हात घालू नये. घरी मातीचा किंवा पाटावर काढलेला नाग पुरतो.

गारुडी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग पकडणं आणि बाळगणं, दोन्ही गुन्हा आहे. मात्र टोपली हिसकावून नाग धुऱ्यावर सोडून देऊ नका. दाताविना त्याला उंदीर मारता येत नाही, जखम चिघळते. आणि ‘दात काढलेत, काही करत नाही’ यावर विसंबून त्याला हातही लावू नका. विषग्रंथी बहुधा जागेवरच असते आणि दात काही आठवड्यांत पुन्हा येतात.

आपले,
काही सर्पमित्र, पवनी तालुका, जि. भंडारा