काका, त्या दिवशी तुम्ही मेन स्विच पाडलात

काका, सप्रेम नमस्कार.

तुमच्या दुकानाची पाटी इतकी विटली आहे की नाव वाचता आलं नाही, आणि विचारायचं राहूनच गेलं. मी ती, चपलांच्या खोक्यात रेडिओ घेऊन आलेली बाई. पुठ्ठ्यावर जोडलेला, अँटेना म्हणून फेराईट रॉडवर तारेचे ६५ वेढे गुंडाळलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. म्हणजे चालायला हवा होता असा.

तुमच्याकडे येण्याआधी मी किती ठिकाणी फिरले ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून इथे सांगते. चार दुकानं. पहिल्याने विचारलं, "मुलाचं प्रोजेक्ट का?" दुसऱ्यानेही तेच. मला मुलगी आहे आणि ती नोकरी करते. रेडिओ मला माझ्यासाठी बनवायचा होता, लहानपणी दादाला बनवताना पाहिलं होतं आणि मला हात लावू दिला नव्हता म्हणून. तिसरा म्हणाला, "मोबाईल आहे ना हातात?" चौथ्याने मात्र सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा काचेचा एक इवलासा डायोड पुडीत बांधून दिला, वर छातीठोकपणे सांगितलं, जर्मेनियमच आहे. त्या पुडीपायी मी पंधरा दिवस रात्री जेवणं उरकल्यावर एकेक सांधा उकलून पुन्हा झाळत बसले. चूक माझीच असणार, असं धरून.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "कुठलं स्टेशन धरायचंय?"

खरं सांगते काका, तिथेच मला भरून आलं होतं.

मग तुम्ही डायोडला मीटर लावलात. ०.६२ व्होल्ट. "हा सिलिकॉन आहे ताई. याचा उंबरठा उंच. तुमचं स्टेशन रांगत येतंय, ते कसं ओलांडणार?" इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं. अँटेनातून येणारा सिग्नल मुळात अशक्त, आणि सिलिकॉन ०.६ व्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय नीट वाट देत नाही. जर्मेनियमला ०.२-०.३ पुरतात. पंधरा दिवसांचं कोडं दोन वाक्यांत सुटलं. कुठल्याशा जुन्या सेटच्या सर्किटच्या पाटीवरून तुम्ही ओए-७९, खरा जर्मेनियमचा डायोड, काढलात, भिंगाखाली धरलात आणि मला वाकून बघायला लावलंत. काचेच्या आत केसासारखी बारीक तार, तिचं टोक एका कणाला जेमतेम टेकलेलं. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, जगदीशचंद्र बोसांना १९०४ मध्ये रेडिओलहरींच्या ज्या शोधकाचं (डिटेक्टरचं) अमेरिकी पेटंट मिळालं त्यातही गॅलेनाच्या स्फटिकावर धातूचं टोकच टेकवायचं होतं. तुम्हाला हे माहीत असणारच, पण मला तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

डायोड बसवला. कानात नुसती घरघर. मला वाटलं, झालं, परत खोकं उचला.

तुम्ही वर बघितलंत, बल्बकडे. मग चार्जरकडे. काही न बोलता स्टुलावर चढलात आणि मेन स्विच पाडलात.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. बोळात आधीच उजेड कमी. मिक्सर दुरुस्तीला घेऊन आलेले एक गृहस्थ दारात ताटकळत होते, ते "अहो!" म्हणाले. तुम्ही त्यांना म्हणालात, "दोन मिनिटं. ताईंचं स्टेशन लागतंय." जणू कुणाच्या घरी आजारी माणूस झोपलंय, अशा आवाजात. पंखा फिरत फिरत थांबला. एलईडी बल्ब, चार्जर, रेडिओत घरघर मिसळणारी सगळी कचकच बंद. तुम्ही अंधारातून म्हणालात, "आता हळूहळू गोल फिरा. रॉडचं टोक नाही, कूस स्टेशनकडे पाहिजे." मी खोकं छातीशी धरून तुमच्या त्या दीड माणसाच्या दुकानात, सुट्या भागांच्या डब्यांना धक्का न लावता, फिरले. गँगची, म्हणजे स्टेशन बदलायची, घुंडी केसभर सरकवली. आणि ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणीचं पुणे केंद्र. एक बाई कांद्यावरच्या करप्याबद्दल बोलत होत्या. किती मिली औषध किती पाण्यात, ते मी शेवटपर्यंत ऐकलं. माझ्याकडे कुंडीतली तुळससुद्धा नाही.

तुम्ही ऐकायला मागितलं नाहीत. एवढंच म्हणालात, "तुमचं झालं की सांगा, मग लाईट लावतो." ते मिक्सरवाले गृहस्थही गप्प उभे राहिले, त्यांचेही आभार.

गिऱ्हाईक दारात असताना स्वतःच्या दुकानाचे दिवे कोण घालवतं, तेही वीस रुपयांच्या डायोडसाठी? ज्यांची दुकानं झगझगीत होती त्यांच्याकडे मला अर्धं वाक्य पुरं करायला मिळालं नव्हतं. तुम्ही काही फार गोड बोललात असंही नाही. झाळणं बघून "शेण थापलंय" म्हणालात, ते खरं होतं. वीस रुपयेही घेतलेत, पन्नासची नोट नाकारून, सुटेच मागून. ते मला आवडलं. फुकट दिला असतात तर मी पुन्हा यायला संकोचले असते.

आता रोज संध्याकाळी मी घरातले दिवे, राउटर, सगळं बंद करते. सासूबाई आतून विचारतात, "लाईट गेले का गं?" मी हो म्हणते.

घुंडी जरा सैल झाली आहे. शनिवारी येते, सुटे घेऊन.

तुमची,
खोकंवाली ताई