फेटा अजून माझ्याकडेच आहे काका

काका, तुमचं नाव इथे लिहीत नाही, गावाचं पण नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला एक काजूचा डोंगर एवढंच लिहिते, तुम्हाला कळेल. तुम्ही मोबाईल बघत नाही हे माहितीय, पण तुमचा नातू बघतो, त्याने मांगरात, तुमच्या बागायतीतल्या खोपीत बसून हे तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून लिहितेय. एक वर्ष होत आलं तरी नीट लिहायला जमत नव्हतं, सुरुवात केली की ती संध्याकाळच समोर येते आणि हात थांबतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जिओकॅशिंग नावाचा एक खेळ आहे, एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे जीपीएसचे आकडे खेळाच्या वेबसाइटवर टाकायचे, दुसऱ्याने शोधून आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनच्या रानात एका माणसाने बादली लपवून हा खेळ सुरू केला, आता तो जगभर चालतो, आपल्या गोव्यात पण थोडे डबे आहेत. त्यातला एक माझ्याकडे आला. इथे काही वर्षं राहिलेल्या एका परदेशी माणसाने तो ठेवला होता, तो परत गेला तेव्हा सांभाळायला कोणीतरी पाहिजे म्हणून मी घेतला. माटीच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या मुळात, जुन्या चिऱ्यांच्या गडग्याला, दगडी कुंपणाला टेकून. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची, तिला तर तो डबा म्हणजे स्वतःचंच घर वाटायचं, आत कोणी काय ठेवलं, काय नेलं सगळं तोंडपाठ.

जमीन कोणाची हे त्या माणसाने विचारलं होतं की नाही ते मी विचारलं नाही. ही माझी चूक, पहिली आणि मोठी. खेळाच्याच नियमात आहे की जागेच्या मालकाची परवानगी पाहिजे, मी ते वाचून सोडून दिलं.

गेल्या वर्षी काजूचा सीझन लागला आणि एकाने डबा शोधल्यावर लिहिलं की जवळ जमिनीलगत वायरचा फास दिसला, बघून घ्या. माझ्या पोटात गोळाच आला. आता हे लिहिताना राग येतोय पण लिहितेच, कारण तुमचं मोठेपण त्याशिवाय कळणार नाही. मी विचारायला गेले नाही असं नाही. खेळातल्या एका जुन्या माणसाला फोन केला, तो म्हणाला मॅपवर सगळं मोकळं रान दिसतंय, रानात असं असतंच, तू जास्त विचार करतेस. एका कचेरीत गेले, तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं की शिकार कायद्याने बंद आहे, मग शिकाऱ्यांचा धोका कसला, काय असेल ते लेखी द्या. लेखी दिलं. त्याचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. तिसऱ्याने तर बाईमाणसाने कशाला असल्या भानगडीत पडायचं असं सुनावलं आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं.

शिकार बंद आहे हे मला पण ठाऊक आहे हो. 1972 चा कायदा आहे, रानडुकराला पण त्याच कायद्याचं संरक्षण आहे. पण कायदा आहे म्हणून फास आपोआप सुटत नाहीत ना. बोंडं पिकायला लागली की फेब्रुवारी ते मे डुकरं, गवे, माकडं बागायतीत उतरतात, मग भात निसवायला लागलं की परत. त्या दिवसांत काहींच्या हातात पीक राखायच्या लायसनच्या बंदुका असतात, त्या जनावर हाकलायला, परवानगीशिवाय मारायला नाहीत, पण काळोखात झुडूप हललं की कोण काय करेल सांगता येत नाही. वर रात्री डोक्याला टॉर्च बांधून चोरून येणारे वेगळेच. त्यांनी लावलेल्या बाइकच्या क्लच वायरच्या फासात बिबटे सुद्धा अडकून मेलेत आपल्याकडे. हे सगळं तुम्ही मला त्या दिवशी मांगरात बसून सांगितलंत, कचेरीतल्या माणसाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही.

तर कोणी काही करत नाही म्हटल्यावर मीच गेले डबा काढून आणायला. शिगमो, आपला होळीचा सण, होऊन चार दिवस झालेले, रविवार, आणि मुलगी ऐकेना म्हणून तिला घेऊन. निघायला उशीर झाला, पोचेपर्यंत साडेपाच वाजून गेले.

त्या वेळी आम्ही काय करत होतो ते नंतर शंभर वेळा डोळ्यासमोर आलंय. झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकतं, म्हणून डबा शोधणारा माणूस वाट सोडतो, वाकतो, झुडपं बाजूला करतो, दोन पावलं पुढे, तीन मागे. जागा मला तोंडपाठ होती, पण पोरीला मोबाईल बघत स्वतः शोधायचं होतं. मी मातकट रंगाचा ड्रेस घातलेला, तिचा टीशर्ट हिरवा. आणि आम्ही दोघी गप्प, कारण या खेळाची सवयच तशी, कोणी बघायला नको, कोणाला डबा कळायला नको, हळू बोलायचं. काजूचा सुका पाला पायाखाली वाजतोय आणि वाकलेलं काहीतरी झुडपात सरकतंय, लांबून ते माणूस वाटेलच कसं? तीन-चार वर्षं हा खेळ खेळून मला हे कधी सुचलं नाही की जे लपून राहणं आम्ही अंगी बाणवलंय तेच त्या डोंगरावर सगळ्यात धोक्याचं.

आणि तुमची हाक आली. "कोण गो थंय? उलय!" कोण आहे तिथे, बोल.

मी दचकून उभी राहिले. तुम्ही वरच्या अंगाला, हातात कोयता. मी काहीतरी पुटपुटले तर तुम्ही तिथूनच म्हणालात, "राव गो बाय, फुडें वचूं नाका", थांब, पुढे जाऊ नकोस, आणि खाली उतरून आलात आणि माझ्या मुलीच्या पायापासून दहा पावलांवर पाला बाजूला करून तो फास दाखवलात. फासाची उंची बरोबर तिच्या गुडघ्याच्या खाली. तुम्ही खाली बसलात, खुंटाला मारलेला पीळ उलगडून वायर सोडवलीत, गुंडाळून खिशात घातलीत, कोणाची, कधीची, एक शब्द नाही. मिळतात तशा काढतो एवढंच बोललात. पोर रडायला लागली. माझे पाय कापत होते.

मला वाटलं आता ओरडणार. ओरडायला हक्क होता तुम्हाला, तुम्ही पावणीत, लिलावात घेतलेला डोंगर, त्यात आम्ही न विचारता डबा ठेवलेला, तो पण असल्या दिवसात, असल्या वेळी. तुम्ही ओरडला नाहीत. मांगरात नेलंत, पोरीला ताजा नीरो, काजूच्या बोंडांचा रस दिलात पेल्यात, मला पाणी. मग भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला तुमचा शिगम्याचा केशरी फेटा काढलात.

काका, मला याच्यावरच लिहायचं होतं खरं म्हणजे.

तुम्ही तो तिच्या डोक्याला नुसता गुंडाळला नाहीत. उकिडवे बसलात तिच्या उंचीला, आणि स्वतःला बांधता तसा सावकाश, एकेक वेढा ओढून नीट बांधलात, शेवटी शेमला पाठीवर लांब सोडलात, मागून पण दिसूदे म्हणून. मग म्हणालात, "आतां तूं रोमटांत नाचपाची", म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत आता तू नाचायचीस. ती हसली. दहा मिनिटांपूर्वी हुंदके देत होती ती पोर हसली. आणि आम्हाला खाली रस्त्यावर गाडीपर्यंत सोडायला निघालात, पुढे तुम्ही, कोयत्याची पाठ दगडावर, गडग्यावर ठोकत, मोठ्याने बोलत, आम्हाला पण सांगितलंत व्हडल्यान उलयत चल, मोठ्याने बोलत चल. पोर गाणं म्हणत होती. शेजारच्या बागायतीतून कोणाची तरी ओ आली, तुम्ही ओरडून सांगितलंत माणसं आहेत, बाई आहे, भुरगें म्हणजे लहान पोर आहे.

घरी येऊन रात्री मला लक्षात आलं की तुमच्या अंगावर मातीच्या रंगाचं बनियन होतं आणि डोकं उघडं. केशरी जे काही होतं ते माझ्या मुलीच्या डोक्यावर, आणि पुढे चालत होतात तुम्ही. त्या रात्री मी खूप रडले.

नंतर मी वाचत बसले. शिकारीचा सीझन कायद्यानेच असतो अशा देशांत हा खेळ खेळणारे काय करतात बघायला. तिथे पण हेच, भडक केशरी घाला, अंधार पडायच्या आत या, आवाज करा. पेनसिल्व्हेनियात बंदुकीच्या सीझनात शिकाऱ्यांनाच डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच केशरी दिसलं पाहिजे असा नियम आहे. आणि केशरीच का, तर हरणाला तो रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, माणसाला मात्र लांबून डोळ्यात भरतो, म्हणजे जनावर बिथरत नाही आणि माणूस वाचतो. वेबसाइटवरच्या डब्याच्या पानावर या भागात शिकार होते अशी खूण लावायची सोय पण आहे, मी कधी लावली नव्हती. तुम्ही यातलं काही वाचलेलं नाही आणि तुमच्या फेट्यात 250 इंच कितीदा तरी बसतील.

आमच्या आजीकडे सांगायचे की पूर्वी रात्री वाट चालताना चूड पेटवून, हाका घालत जायचे, सापाला पण कळावं आणि माणसाला पण. कोणाच्या अंगणात शिरायच्या आधी बाहेरून आवाज द्यायचा, आसा गो घरांत म्हणून. आपण येतोय हे दुसऱ्याला कळू देणं आणि समोर कोण आहे हे आधी विचारणं, ही रीत होती आपली. तुम्ही अजून ती पाळता. पाला वाजला तर आधी हाक मारता आणि उत्तराची वाट बघता. अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या बेफिकीर बाईची मुलगी आज शाळेत जातेय, यात मी काही वाढवून सांगत नाही.

डब्याचं काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे, इतरांसाठी सांगते. तुम्ही म्हणालात काढून टाकू नका, पोरांना येऊदे, पण वाटेवर ठेवा. म्हणून तो आता गडग्यापासून शंभरेक मीटर खाली, घुमटीच्या, म्हणजे देवाच्या छोट्या देवळीच्या अलीकडे, पायवाटेच्या हाताला आहे, कोणाला झुडपात शिरायला लागत नाही. काजूच्या दिवसात आणि भात पिकताना पूर्ण बंद, मी स्वतः जाऊन डबा घरी आणते. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलंय हे काय आहे ते, कारण डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवणारे पण आहेत आणि रानात अनोळखी डबा बघून कोणाच्या पण छातीत धस्स होईल, हे पण तुम्हीच दाखवून दिलंत. खायची वस्तू आत ठेवायची नाही असा नियम आहे तरी कोणी तरी चॉकलेट टाकायचं, वासाने जनावर यायचं, ते आता पहिल्याच ओळीत लिहिलंय. आणि तुम्ही घुमटीपाशी उभं राहून राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला गाऱ्हाणं घातलंत की ह्या डब्याला जो कोण येईल तो सुखरूप घरी जाऊदे. मी तेव्हा मागे उभी होते, तुम्हाला वाटलं असेल मला शहरातलीला कळलं नाही. कळलं काका.

तुमचा फेटा त्या दिवशी तिच्या डोक्यावरच आमच्या घरी आला, तुम्ही मागितला नाहीत. मध्ये दोनदा आले तेव्हा आणला तर म्हणालात असूदे भुरग्याकडे. पण शिगमो परत जवळ आलाय, रोमटात तुमच्या डोक्याला तो पाहिजे. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. येत्या रविवारी घेऊन येते, सकाळी, उन्हात, आणि येताना खालच्या वळणापासून पोर शिट्टी वाजवत येणार आहे, तिने आधीच ठरवलंय. दोन केशरी जॅकेट पण आणतेय, एक तुमच्यासाठी, एक मांगरातल्या त्या खिळ्याला टांगायला. तुमचं तुम्ही घालायचंच, नाही म्हणू नका.