डेन्व्हरच्या पिचरांची कैफियत

डेन्व्हर,
ऑक्टोबर २०२५

प्रिय सुध्या,

एका मोसमात ११९ सामने हरणाऱ्या बेसबॉल टीमसाठी मी एवढा जीव का टाकतो, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आता निवांत लिहायला बसलोय. तू कॉलेजच्या टीमसाठी नवा चेंडू टाकायचास, तुला फार समजवावं लागणार नाही.

आमच्या डेन्व्हरच्या टीमने, कोलोरॅडो रॉकीजनी, यंदा १६२ पैकी फक्त ४३ सामने जिंकले. समोरच्यांना १०२१ धावा दिल्या, म्हणजे दर सामन्याला सहाच्या वर. स्वतः केल्या ५९७. हा उणे ४२४ चा फरक १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये सगळ्यात वाईट आहे. मे महिन्यात सॅन डिएगोने घरच्या मैदानावर २१-० ने धुतलं. दुसऱ्या दिवशी आपली टीम जिंकली, आणि त्याच दिवशी मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बड ब्लॅक यांना काढलं. ते स्वतः एकेकाळचे पिचर, म्हणजे तुझ्यासारखे चेंडू टाकणारे. मला फार वाईट वाटलं रे.

आता खरं दुखणं सांगतो. आमचं घरचं मैदान कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे ५२०० फुटांवर आहे. वरच्या मजल्यावर बरोबर ५२८० फुटांच्या, म्हणजे एक मैलाच्या, उंचीला खुर्च्यांची एक रांग जांभळी रंगवली आहे. इथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या साधारण चार पंचमांश दाट. आणि पिचरचं सगळं भांडवल हवा! त्याच्या चेंडूला टप्पा नाही, खेळपट्टीची मदत नाही. बोटांनी दिलेली फिरकी हवेला धरते आणि हवा चेंडूला वळवते, एवढंच त्याच्या हातात. हवाच विरळ असेल तर गुडघ्याशी बुडायला हवा तो कर्व्हबॉल, म्हणजे खाली वळणारा चेंडू, मांडीच्या उंचीवर तरंगत राहतो, आणि बॅट्समनला तेवढं पुरतं. मारलेला चेंडू मग लांब जातो, तो वेगळाच. होम रन, म्हणजे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, कमी व्हावेत म्हणून मैदान मुद्दाम मोठं बांधलंय, पण त्यामुळे फील्डरांच्या मधल्या मोकळ्या जागा वाढल्या आणि साध्या फटक्यांवरही बॅट्समन दोन-तीन बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचे टप्पे, गाठतो.

२००२ पासून इथे चेंडू दमट खोलीत ठेवतात, कारण कोरड्या हवेत ते वाळून हलके आणि जास्त उसळते होत. त्याने फरक पडला, पण हवा तीच राहिली. त्याआधी माइक हॅम्प्टनला ८ वर्षांसाठी १२ कोटी १० लाख डॉलर देऊन आणलं होतं. चांगला नावाजलेला पिचर, पण दोन मोसमांत त्याची पार रया गेली आणि त्याला दुसरीकडे पाठवलं.

यंदा माझा जीव सगळ्यात जास्त तुटला तो चेस डॉलँडरसाठी. पहिलाच मोसम, वय २३, चेंडू तुफान वेगाचा. पिचर दर नऊ इनिंग्जमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, किती धावा देतो ते ईआरएवरून कळतं. या पोराचा घराबाहेरचा ईआरए साडेतीनच्या आसपास, म्हणजे कुठल्याही टीमने आनंदाने ठेवून घ्यावा असा. घरच्या मैदानावर तोच आकडा दहाच्या जवळ! हात तोच, चेंडू तोच. अशा पोराच्या मनात स्वतःबद्दल शंका शिरली तर ती काढायची कोणी?

तरी मी सगळा दोष हवेवर टाकणार नाही. घरी २५ सामने जिंकले, बाहेर फक्त १८. बाहेर तर दाट हवा होती ना? त्यातही एक मेख आहे. आठवडाभर घरी टाकून हाताला एक अंदाज बसतो, मग खाली गेल्यावर तोच चेंडू जास्त वळतो आणि नेम चुकतो. अंदाज सुधारेपर्यंत परत यायची वेळ होते. पण ही गोष्ट काही कालची नाही. कूर्स फील्ड १९९५ साली उघडलं. तीस वर्षांत या जागेसाठी वेगळे पिचर कसे घडवायचे, त्यांना किती विश्रांती द्यायची, कुठले चेंडू शिकवायचे याची पक्की पद्धत क्लबने बसवायलाच हवी होती. ती बसलेली दिसत नाही, आणि त्याचा राग मला मालकांवर येतो, पोरांवर नाही. आता खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर बिल श्मिट पायउतार झालेत. नवीन माणूस बाहेरून आणावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण इथे टाकता येतं! काइल फ्रीलंड याच डेन्व्हरमध्ये जन्मला, वाढला. बेसबॉलमध्ये जय-पराजय पिचरच्या नावावर मांडतात; २०१८ मध्ये त्याने १७ सामने जिंकले, ईआरए २.८५, आणि घरच्या मैदानावर तर त्याहून सरस. त्या ऑक्टोबरात शिकागोच्या रिग्ली फील्डवर, हरलं की घरी अशा सामन्यात, त्याने सहापेक्षा जास्त इनिंग्ज एकही धाव दिली नाही. यंदा त्याच्या नावावर ५ विजय आणि १७ पराभव. सोबतच्या हेरमान मार्केसचे १६ पराभव, आंतोनियो सेन्झातेलाचे १५. तरी पाळी आली की प्रत्येक जण माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, हजर. मी जातो तो यांच्यासाठी.

आणि अधूनमधून असंही घडतं: १ ऑगस्टला पिट्सबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये ९ धावा ठोकल्या. लोक उठायला लागले होते. शेवटच्या इनिंगमध्ये आपल्यांनी ५ धावा काढल्या, ब्रेंटन डॉयलने होम रन मारला आणि १७-१६ ने जिंकलो. घसा बसेपर्यंत ओरडलो मी.

फ्रीलंड पुढच्या वर्षीही इथेच आहे. एप्रिलमध्ये कधीकधी बर्फ पडतो, म्हणून तू मे-जूनमध्ये ये. तारखा आधी कळव, म्हणजे तो टाकणार असेल त्या दिवसाची तिकिटं काढतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विन्या