'पॅराबोलिक' म्हणून विकलेल्या दुर्बिणीत गोलीय आरसा निघाल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

चाळीसगावातील आमच्या शाळेच्या आकाशनिरीक्षण मंडळासाठी आपल्याकडून 130 मिमी व्यासाची, 650 मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतचे अंतर) परावर्तक दुर्बीण मागवली. जाहिरातीत आणि खोक्यावर ठळक अक्षरांत 'पॅराबोलिक मिरर' छापले आहे. पॅराबोलिक आरशाचे वळण काठाकडे किंचित कमी होत जाते. आत निघालेला आरसा मात्र गोलीय, म्हणजे चेंडूच्या तुकड्यासारखा सगळीकडे सारख्या वळणाचा आहे.

चंद्र बरा दिसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण 10 मिमीच्या आयपीसला (डोळ्याकडच्या भिंगाला) सोबत आलेला बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारे भिंग) जोडून 130 पटींवर गुरू पाहिला की त्याचे पट्टे एकमेकांत मिसळतात. फोकसचे चाक कितीही मागे-पुढे करा, नेमकी जागा सापडत नाही. रांगेतला एक मुलगा डोळा लावून म्हणाला, "सर, बठ्ठं धुकट दिखस." (सगळं धूसर दिसतं.)

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर आधी कॉलिमेशनला (आरशांच्या जुळणीला) दोष दिला, मग खानदेशातल्या धुळीला. शेवटी म्हणाले, "गोल काय नि पॅराबोलिक काय, फरक कोणाला कळतो?" खरे तर या वाक्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवणाऱ्या मठाला 1207 मध्ये दान दिल्याचा शिलालेख आमच्याच तालुक्यात, पाटण्याला आहे. इथल्या गिऱ्हाइकाला असे विचारू नये.

ताऱ्याचा प्रकाश आरशावर समांतर येतो. आरसा पॅराबोलिक असेल तर अक्षाला समांतर आलेला किरण मध्यावर पडो की काठावर, तो एकाच बिंदूत पोहोचतो. गोलीय आरशात काठाचे किरण अलीकडेच एकत्र येतात. आपण दिलेल्या मापांवरून हिशेब केला तर हा फरक सुमारे 0.8 मिमी येतो, म्हणून फोकस सापडत नाही. आणि हे होते ते दोन आकारांत काचेच्या काठाशी असलेल्या जेमतेम एक हजारांश मिलिमीटरच्या फरकाने! तो डोळ्यांना दिसत नाही हे कबूल, पण हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या साधारण निम्मीच असते. गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशला पोचा पडला तरी चित्र येते, कारण तिच्याकडे येणाऱ्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असतात. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटरच्या डिश तर तारांच्या जाळीच्या आहेत, तिथल्या लहरी टीव्हीच्या लहरींहूनही लांब म्हणून चालते. दृश्य प्रकाशाला ही सवलत नाही. हबल दुर्बिणीचा आरसा काठाशी सुमारे 2 मायक्रॉनने (हजारांश मिलिमीटरने) जास्त सपाट घासला गेला होता. 1990 मध्ये ती वर गेली आणि प्रतिमा अशाच पसरट आल्या. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीर पाठवून ते दुरुस्त करावे लागले. आपल्याला फक्त कुरिअर पाठवायचे आहे.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. पुठ्ठ्याला मधोमध 8 सेंटिमीटरचे भोक पाडून तो नळीच्या तोंडावर बसवला. गुरू अंधुक झाला, पण पट्टे वेगळे दिसू लागले, म्हणजे दोष काठाकडे आहे. कॉलिमेशन बिघडले असते तर प्रतिमा एका बाजूला ओघळली असती. इथे ती चहूबाजूंनी सारखी पसरते.

मग आरसा काढून फूकोची चाचणी (छायेवरून आरशाचा आकार ओळखण्याची रीत) घेतली. (वॉरंटी गेली म्हणू नका, आरसा काढण्याची रीत आपल्याच पुस्तिकेत आहे.) टॉर्चवर फॉइल लावून त्याला टाचणीने बारीक छिद्र पाडले, ते आरशापासून 1300 मिमीवर (नाभीय अंतराच्या दुप्पट, म्हणजे गोलाच्या केंद्राशी) ठेवले आणि परतलेल्या प्रकाशात दाढीचे पाते हळूहळू सरकवले. पॅराबोलिक आरशावर यावेळी मेदूवड्यासारखी छाया उमटते. आपला आरसा मात्र सगळीकडे एकदम, सारखाच करडा झाला. याचा अर्थ गोल उत्तम घासला आहे. कारागिराबद्दल माझे काही म्हणणे नाही, खोटे आहे ते छापील लेबल.

तरी आरसा बदलून खरा पॅराबोलिक द्यावा, नाहीतर दुर्बीण आपल्या खर्चाने परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. वर्गणी पालकांची आहे, त्यामुळे कूपन किंवा पुढच्या खरेदीवरची सूट चालणार नाही. जाहिरातीतला तो शब्दही काढावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत: पावतीची प्रत, खोक्याचा फोटो, चाचणीचे फोटो.

आपला,
विज्ञान शिक्षक,
चाळीसगाव, जि. जळगाव