प्रेक्षक थंड नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात एका वाचकाचं पत्र वाचलं. आमच्याकडच्या फिल्म सोसायटीनं रविवारी सकाळी ‘क्वो वादिस, आयदा?’ हा बोस्नियाचा पिक्चर दाखवला, त्याबद्दलचं. तक्रार थोडक्यात अशी : वंशसंहारावरचा युद्धपट म्हणून सुट्टीच्या दिवशी लवकर उठून गेलो, तर धड एक लढाई नाही, एक प्रेत नीट दाखवलेलं नाही, एक बाई पावणेदोन तास इकडून तिकडं पळते. प्रेक्षकही थंड. कुणी रडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही, मुकाट्यानं उठून गेले. असले रटाळ परदेशी सिनेमे आणण्यापेक्षा चांगले मराठी दाखवा.

मराठी जरूर दाखवा, त्याला कोण नाही म्हणतंय. पण प्रेक्षक थंड होते हे मला मान्य नाही, आणि या एका बाबतीत मला थोडा अधिकार आहे. मी ३४ वर्षं कोल्हापुरात सिनेमा ऑपरेटर होतो. कार्बन पेटवून मशीन चालवायचं तेव्हापासून डिजिटल येऊन आम्हाला घरी बसवलं तोपर्यंत.

केबिनमध्ये प्रत्येक मशीनसमोर भिंतीत दोन चौकोनी भोकं असतात. एकातून उजेड पडद्यावर जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. लोकांना वाटतं, मजा आहे, याला रोज फुकट पिक्चर. पहिले दोन दिवस सोडले तर ऑपरेटर पिक्चर बघतच नाही. फोकस बघायचा, आणि रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येतो, तो दिसला की दुसरं मशीन चालू करायचं. बाकी वेळ खाली डोकी दिसतात, ती बघायची. मी आयुष्यभर डोकी बघितली. कंटाळलेलं पब्लिक वरून लगेच कळतं. डोकी एकमेकांकडं कलतात, खुर्च्या करकरतात, मागचं दार सारखं उघडून उजेडाची फट आत येते. आणि पब्लिक खरोखर गप्प झालं, तर मशीनचा खरखर आवाज खाली बाल्कनीपर्यंत ऐकू जातो. आमचा डोअरकीपर जिना चढून यायचा आणि म्हणायचा, “आज मशीन ऐकू येतंय खाली.” वर्षातून दोन-चारदा म्हणायचा. हिट पिक्चरलाही कधी म्हणायचा नाही.

रविवारी मशीन नव्हतं. मधल्या रांगेत टेबलावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ठेवला होता, एक कॉलेजचा पोरगा चालवत होता. हॉल जुना आहे, वर केबिन आहे, पण तिची भोकं आता प्लायवुडनं बंद केलीत. सवयीनं मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. साठ-सत्तर माणसं असतील.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. स्रेब्रेनित्सा हे पूर्व बोस्नियातलं लहानसं गाव. एप्रिल १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ते ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. राखण करायला डच सैनिक, तेही थोडेथोडके आणि हलक्या हत्यारांचे. ११ जुलै १९९५ ला जनरल म्लादिचचं बोस्नियन सर्ब सैन्य गावात शिरलं. माणसं पळून शेजारच्या पोतोचारीला, बॅटरीच्या जुन्या कारखान्यातल्या डच तळावर गेली. चार-पाच हजार आत घेतली आणि फाटक बंद केलं. वीस हजारांवर बाहेर उन्हात. मग बायका-पोरांना बसमध्ये घातलं, पुरुष आणि मिसरूड न फुटलेली पोरंही वेगळी काढली, आणि पुढच्या थोड्याच दिवसांत आठ हजारांवर बोस्नियन मुसलमान मारले. आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी याला वंशसंहारच म्हटलंय. पत्रलेखकांनी विचारलंय, लढाई कुठं आहे? अहो, पोतोचारीत ती झालीच नाही. निःशस्त्र माणसांची यादी करून बसमध्ये बसवायला लढाई कशाला लागते.

आमच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतले एक निवृत्त सुभेदारसाहेब आहेत. त्यांनी संध्याकाळी मला सांगितलं की त्या भागात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे पहिले सेनापती आपले जनरल सतीश नंबियार, मराठा लाइट इन्फंट्रीचेच, १९७१ च्या लढाईतले वीरचक्रवाले. मार्च १९९३ मध्ये ते परत आले, म्हणजे ‘सुरक्षित क्षेत्रा’ची घोषणा व्हायच्या आधी. सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले, “निळी टोपी घालून उभं राहणं सोपं, पण हुकूम काय आहे ते वरून कळायला पाहिजे.” पुढं बोलले नाहीत. त्यांनी पिक्चर बघितलेला नाही, बघणारही नाहीत म्हणाले.

आयदा ही शाळामास्तरीण, तळावर दुभाषाचं काम करते. म्हणून तिच्या गळ्यात संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र आहे. नवऱ्याकडं नाही, दोन पोरांकडं नाही. तळावरून सुखरूप बाहेर न्यायच्या माणसांची एक यादी होते, तिच्यात त्यांची नावं घालायला ती धडपडते. डच अधिकारी इंग्रजीत सांगतो, घाबरू नका, सगळं ठीक होईल, आणि ते तिला गर्दीला तिच्या भाषेत सांगावं लागतं. ते खोटं आहे हे तिला कळतंय. दुभाषानं खोटं बोलायचं नसतं, आणि दुसऱ्याचं खोटं मात्र जसंच्या तसं पोचवायचं असतं. मला यात युद्धपट दिसला. हे मनचं नाही. हसन नुहानोविच नावाचा दुभाषा खरोखर त्या तळावर होता. त्याचे आई-वडील आणि धाकटा भाऊ तळाबाहेर काढले गेले आणि मारले गेले. त्याच्या आठवणींचा आधार या पिक्चरला आहे. पुढं तो नेदरलँड्सच्या सरकारविरुद्ध कोर्टात गेला आणि २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तळावरून बाहेर काढलेल्या इतर सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत त्याच न्यायालयानं २०१९ मध्ये सरकारची जबाबदारी ठरवली १० टक्के. बँकेच्या व्याजदरासारखी.

आता मुद्द्याचं. पिक्चरमध्ये वेगळ्या काढलेल्या पुरुषांना एका हॉलमध्ये आणतात. गावातला साधा हॉल, सिनेमा-नाटकाचा. माणसं दाटीवाटीनं उभी आहेत, दारं लागतात, आणि वर मागच्या भिंतीत जी चौकोनी भोकं आहेत त्यांतून बंदुकीच्या नळ्या बाहेर येतात.

मी ती भोकं ओळखली. माझी छाती धडधडायला लागली. ३४ वर्षं मी ज्या भोकातून लोकांकडं बघितलं, तेच ते. पुढं दाखवत नाहीत. कॅमेरा बाहेर जातो, आपण आवाज ऐकतो. पिलित्सा नावाच्या गावातल्या सांस्कृतिक भवनात १६ जुलै १९९५ ला सुमारे ५०० माणसं अशी कोंडून मारली, हे मी नंतर वाचलं.

पण त्या क्षणी मी पडदा सोडून सवयीनं खाली डोकी बघितली. समोरच्या रांगांतली चार-पाच डोकी मागं वळली होती. एक बाई, दोन पोरं, एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या डोक्यावर, प्लायवुडनं बंद केलेल्या आमच्या हॉलच्या भोकांकडं बघत होते. क्षणभरच. मग परत पुढं.

पत्रलेखकसाहेब, प्रेक्षक पडद्याकडं पाठ करून केबिनकडं कधी बघतात ठाऊक आहे? रीळ तुटलं, आवाज गेला, चित्र अर्धं कापलं गेलं, तर. “अरे ए ऑपरेटर, झोपलास काय?” हे ओरडायला. माझ्या आईचा उद्धार किती हजार वेळा झाला असेल, मोजलेला नाही. न ओरडता, घाबरून वळलेली डोकी मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. याला थंड म्हणायचं? आम्ही गाण्यावर पडद्याकडं चिल्लर फेकणारं पब्लिक बघितलं, देवाचा पिक्चर लागला की चपला दाराबाहेर काढून येणाऱ्या बायका बघितल्या. त्यामुळं हूं की चूं न करणारं पब्लिक आम्हालाही सुरुवातीला कोरडं वाटायचं. डोअरकीपरनं शिकवलं, मशीन ऐकू येतंय का बघ.

एका ठिकाणी मात्र हसू आलं, तेही खरं. मध्येच युद्धाच्या आधीची एक पार्टी दाखवलीय, पूर्व बोस्नियात सगळ्यात छान केशरचना कुणाची याची स्पर्धा. फुगवलेले केस, गोलात नाच, एकेक चेहरा सरळ आपल्याकडं बघतो. पुढच्या रांगेतली पोरं खुदकन हसली आणि गप्प झाली. मला वाटतं, दिग्दर्शिका यास्मिला झ्बानिच यांना ते हसू हवंच होतं.

चहाच्या वेळी जे बोलणं झालं ते पत्रलेखकांनी ऐकलं नसावं, ते लवकर गेले. एक निवृत्त बँकवाले म्हणाले, “ही बाई फक्त आपल्या पोरांपुरतं बघते हो. बाकीच्यांचं काय?” त्यावर एक शाळेतल्या बाई कटवड्याची प्लेट खाली ठेवून म्हणाल्या, “माझी असती तर मी पण त्यांचीच नावं यादीत घुसवली असती. तुम्ही नसती घुसवली?” बँकवाले काही बोलले नाहीत.

मीही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावासाठी ऑक्सिजनचा बेड हवा होता. त्या दवाखान्यात ओळखीचा एक वॉर्डबॉय होता, आमच्या थिएटरात लहानपणी फुकट पिक्चर बघायला यायचा. त्याला रात्री अकराला फोन केला. बेड मिळाला. भाऊ आज आहे. यादीत त्याच्या वर कोण होतं, ते मी विचारलं नाही आणि पोरानं सांगितलं नाही. स्रेब्रेनित्साशी याची तुलना नाही, एवढं मलाही कळतं. पण आयदा एका अधिकाऱ्यामागून दुसऱ्याकडं धावत, फक्त दोन नावं म्हणत असते, तेव्हा तिला रटाळ म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

कोपऱ्यात दोन तरुण वाद घालत होते. मुद्दा एकच, हा पिक्चर ‘त्या लोकांना’ जबरदस्तीनं दाखवायला पाहिजे. एकाचे ‘ते लोक’ वेगळे, दुसऱ्याचे वेगळे. आपण स्वतः तो आत्ताच बघून आलोय, हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

हे तिकडंही झालंच की. आयदाचं काम करणाऱ्या यास्ना जुरिचिच सर्बियाच्या, आणि म्लादिच झालेले बोरिस इसाकोविच त्यांचे खरे पती, तेही सर्ब. सर्बियात या दोघांना त्यापायी बरंच ऐकून घ्यावं लागलं. पडद्यावरचा खुनी आपल्या माणसानं केला म्हणून राग, आणि खून झालेच नाहीत म्हणणारेही तिथलेच. असलं नाकारणं इतकं वाढलं की जुलै २०२१ मध्ये बोस्नियातल्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीला वंशसंहार नाकारण्याविरुद्ध कायदाच लादावा लागला. खऱ्या म्लादिचला तोवर जन्मठेप कायम झाली होती.

शेवटी युद्ध संपल्यावर आयदा गावात परत येते. जमिनीवर हाडं आणि कपडे मांडून ठेवलेत, त्यांच्यामधून बायका चालतायत. मारेकऱ्यांनी पुरलेली प्रेतं बुलडोझरनं उकरून दुसरीकडं नेली होती, त्यामुळं एकेका माणसाची हाडं दोन-दोन, तीन-तीन ठिकाणी सापडली. इथं आमच्या हॉलमध्ये कुणाचा तरी मोबाइल वाजला. त्या बाईला तो बंद करता येईना, तिनं पदरात गुंडाळून मांडीखाली दाबला. एरवी माणसं हॅलो म्हणून बोलायला लागतात.

मग परत एक हॉल येतो. शाळेचा. स्टेजवर छोटी पोरं तळहातांनी डोळे झाकतात, उघडतात, झाकतात. खुर्च्यांवर पालक बसलेत. ज्यांची माणसं गेली ते, आणि ज्यांनी नेली ते, एकाच रांगेत, आपापल्या पोराकडं कौतुकानं बघत. आयदा त्या पोरांची बाई आहे. पिक्चर तिथं संपतो.

आणि तिथंच आमच्या आयोजकांनी ट्यूबलाइटा लावल्या. खाडकन. अजून पडद्यावर नावं यायची होती, तोवर माइकवर “चहा-नाष्ट्याची सोय मागच्या बाजूला केलेली आहे, प्रथम ज्येष्ठ नागरिकांनी.” उजेड पडला तसे लोकांनी चेहरे खाली घातले आणि जे उठायचे ते उठून गेले. पत्रलेखकांना जी मुकाट माणसं दिसली ती ही. आमचे मालक कडक होते, पंख्याच्या विजेचाही हिशेब मागायचे, पण खेळ संपला की हॉलचे दिवे हळूहळू वाढवायचे, हा त्यांचा नियम होता. डिमरचं चाक मी स्वतः फिरवायचो, मनात वीसपर्यंत मोजून.

म्हणून माझी एक विनंती, आपल्या पत्राच्या जागेतून ती आयोजकांपर्यंत पोचेल असं वाटतं. हा पिक्चर परत दाखवणार असाल, आणि दाखवावाच, तर नावं पूर्ण जाऊ द्यात, पडदा पांढरा होऊ द्या, आणि नाष्टा दहा मिनिटांनी सांगा. दिव्यांच्या बटणापाशी बसायला कुणी मिळत नसेल, तर मी येतो. मानधन नको, कटवडा चालेल.

कळावे,
एक निवृत्त सिनेमा ऑपरेटर,
कोल्हापूर
(नाव छापू नये, ही विनंती)